युरोपातल्या ऑनलाइन दुकानांत व्हिडिओ गेम स्वस्तात मिळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत शिकायला आलेले, डब्लिनला नोकरी करणारे, आइंडहोव्हनला नुकतेच सामान टाकलेले, अशा प्लेस्टेशन, स्विच, एक्सबॉक्स किंवा पीसीवर खेळणाऱ्या मराठी मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणांतल्या गेमचे भाव हिशोब समजावा म्हणून घेतलेत. कराचे दर आणि नियम मात्र खरे आहेत.

एकच गेम एका देशात ७९.९९ युरो आणि शेजारच्या देशात ५५, असं का?

पीएस५च्या मोठ्या गेमची शिफारस किंमत युरो वापरणाऱ्या देशांत साधारण ७९.९९ असते, ब्रिटनमध्ये ६९.९९ पौंड. ही आपल्याकडच्या एमआरपीसारखी बांधलेली किंमत नव्हे. दुकानदार तिच्या खाली विकतो, वरही विकू शकतो. फरक पडतो तो मुख्यतः गोदामामुळे. प्रत्येक देशातला वितरक वेगळा, त्याने उचललेला माल वेगळा. जिथे माल अंगावर पडतो तिथे भाव आधी उतरतो. शिवाय मोठ्या साखळ्या गिऱ्हाईक ओढायला एखादा गेम जवळपास खरेदीच्या भावात लावतात आणि बाकीच्या दुकानांची सॉफ्टवेअरं काही तासांत तो भाव गाठतात. म्हणून एका देशात अचानक भाव पडलेला दिसला, की शेजारच्या दोन-तीन देशांच्या साइटही लगेच उघडून बघा. कित्येकदा आपल्याच देशात तोच भाव लागलेला असतो आणि पार्सलचा खर्च वाचतो.

खरा भाव काढायचा कसा?

पडता भाव काढा, म्हणजे पार्सल हातात येईपर्यंत खिशातून जाणारा एकूण पैसा. समजा तुम्ही म्युनिकला आहात आणि डेन्मार्कच्या दुकानात एक गेम ३४९ क्रोनरला दिसतोय. पोहोचवायचा देश जर्मनी निवडल्यावरचाच आकडा धरायचा. डॅनिश क्रोनर युरोला बांधलेला आहे, एका युरोला सुमारे ७.४६. म्हणजे गेम ४६.७८ युरोला. पार्सलचे ७९ क्रोनर मिळवले की एकूण ४२८ क्रोनर, ५७.३७ युरो. आता पैसे भारतातल्या क्रेडिट कार्डाने दिले, तर बऱ्याच बँका परकी चलनावर ३.५ टक्के आणि त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणजे ४.१३ टक्के. भाव गेला ५९.७४ वर. तोच गेम जर्मन दुकानात ५७.९९ ला, पार्सल फुकट, तर डेन्मार्कची खटपट कशासाठी? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

एकच गेम परदेशातून मागवणं क्वचितच परवडतं. तीन-चार गेम एका पार्सलमध्ये आले की खर्च विभागला जातो. दोघा-तिघा मित्रांनी मिळून ऑर्डर टाकावी. फक्त पत्ता आणि कार्ड एकाच माणसाचं ठेवा, म्हणजे परतीच्या वेळी गोंधळ होत नाही.

कार्टमध्ये टाकल्यावर किंमत वाढली. दुकानदार फसवतोय का?

नाही. युरोपीय संघात ऑनलाइन विक्रीवर माल जिथे पोहोचतो त्या देशाचा व्हॅट लागतो. १ जुलै २०२१ पासून सीमेपलीकडे वर्षाला १०,००० युरोपेक्षा जास्त विकणाऱ्या दुकानांना हा नियम आहे. लक्झेंबर्ग १७ टक्के, जर्मनी १९, फ्रान्स २०, नेदरलँड्स आणि स्पेन २१, इटली २२, आयर्लंड आणि पोलंड २३, स्वीडन आणि डेन्मार्क २५, हंगेरी २७.

जर्मन साइटवर ५९.५० दिसणाऱ्या गेमची कराविना किंमत ५० युरो. तोच गेम डब्लिनला मागवला तर ६१.५०, बुडापेस्टला ६३.५०, लक्झेंबर्गला ५८.५०. मोठ्या साइट पत्ता घातल्यावर आकडा बदलतात. काही छोटी दुकानं सगळ्यांना एकच किंमत ठेवतात आणि फरक स्वतः सोसतात. हंगेरी किंवा स्कँडिनेव्हियात राहणाऱ्यांनी अशी दुकानं हेरून ठेवावीत. तात्पर्य, साइट उघडल्या उघडल्या पत्ता घाला, मगच भावांची तुलना करा.

दुकानांच्या जाहिरातीतलं ‘व्हॅट माफ’ म्हणजे जर्मनीत १९ टक्के सूट ना?

१५.९७ टक्के. कर मूळ किंमतीवर चढवलेला असतो, त्यामुळे काढताना ११९ तले १९ जातात. ७९.९९ चा गेम ६७.२२ ला मिळतो, ६४.७९ ला नाही. स्पेनच्या ‘करविना दिवसा’ला २१ टक्क्यांचे प्रत्यक्षात १७.३६ होतात. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत कोणत्या वस्तू वगळल्यात तेही वाचा. गिफ्ट कार्डं आणि डाउनलोड कोड बहुधा त्या यादीत असतात.

शोध कुठून सुरू करायचा?

देशाप्रमाणे किंमत-तुलनेच्या साइट ठरलेल्या आहेत. जर्मनीत इडेआलो आणि गाइत्सहाल्स (ही मूळची व्हिएन्नाची), नेदरलँड्समध्ये ट्वीकर्सचं प्राइसवॉच, पोलंडमध्ये सेनेओ, चेक देशात हेउरेका, स्वीडनमध्ये प्रिसयाक्ट. लोकांनी शोधून टाकलेल्या सवलती हव्या असतील तर जर्मनीत मायडील्झ, फ्रान्समध्ये डीलॅब्ज, स्पेनमध्ये चोयोमेत्रो, ब्रिटनमध्ये हॉटयूकेडील्स. ॲमेझॉनच्या भावाचा इतिहास कीपावर दिसतो. पीसी गेमसाठी इझदेअरएनीडील आणि जीजी डॉट डील्स पुरेशा आहेत.

तुलनेच्या साइटचे आकडे जुने असू शकतात आणि सगळी दुकानं त्यांच्याकडे नसतात. इडेआलोवर पहिला दिसणारा भाव बऱ्याचदा पार्सलविना असतो. ‘पार्सलसह’ क्रमाने लावून बघा. भाव-सूचना लावताना सध्याच्या किंमतीच्या जेमतेम खाली लावू नका, रोज मेल येत राहतील. इतिहासातला नीचांक बघायचा आणि त्याच्या एक-दोन युरो वर सूचना लावायची.

शोधताना नाव टाकायचं की काही वेगळी युक्ती आहे?

बारकोडचा तेरा आकडी ईएएन क्रमांक टाका. नावाने शोधलं तर स्टँडर्ड, डिलक्स, पीएस४ची आवृत्ती, वापरलेला माल आणि रिकामा स्टीलबुक (गेमची धातूची पेटी) असं सगळं एकत्र येतं. दुकानाच्या पानावर तळाच्या तपशिलात ईएएन मिळतो, तो उचलून दुसऱ्या देशाच्या साइटवर डकवायचा. सोनीच्या स्वतःच्या मालाचा क्रमांक साधारण ०७११७१९ ने आणि निन्टेंडोचा ००४५४९६ ने सुरू होतो. एक अडचण: त्याच गेमच्या ब्रिटिश, जर्मन आणि इटालियन बॉक्सचे क्रमांक वेगळे असू शकतात. म्हणून एकाच क्रमांकावर थांबू नका. दोन-तीन देशांचे क्रमांक गोळा करून ठेवा.

भाषा येत नाही, मग फसगत कशी टाळायची?

ब्राउझरचं भाषांतर बाकी पानाला चालतं, पण बटणावरचे आणि चित्रातले शब्द तसेच राहतात. आणि चूक तिथेच होते. ‘वापरलेला’ या अर्थाचे शब्द पाठ करा: जर्मन ‘गेब्राउख्ट’, फ्रेंच ‘ओकाझिओं’, इटालियन ‘उझातो’, स्पॅनिश ‘सेगुंदा मानो’, डच ‘ट्वेडहान्ड्स’, पोलिश ‘उझिव्हाना’. फ्रेंच ओकाझिओं म्हणजे काहीतरी खास संधी आहे असं समजून लोक हौसेने जुनी डिस्क घेतात. जर्मनमध्ये ‘फेरझांडकोस्टन’ म्हणजे पार्सलचा खर्च, ‘फोरबेश्टेलुंग’ म्हणजे प्री-ऑर्डर आणि ‘फोरकासे’ म्हणजे आधी बँकेतून पैसे पाठवा. या शेवटच्या शब्दाकडे पुढे परत येऊ.

ॲमेझॉनच्या प्रत्येक देशाच्या साइटवर वेगळं खातं उघडावं लागतं का?

नाही, तेच लॉगिन जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, डच, पोलिश साइटवर चालतं. गिफ्ट कार्डाची शिल्लक मात्र ज्या देशाची तिथेच, आणि प्राइमचे फायदेही ज्या साइटवर सदस्यत्व घेतलं तिथलेच धरून चाला. ‘विक्री आणि पाठवणी कोणाची’ ही ओळ प्रत्येक वेळी वाचा. जर्मन साइटवर प्री-ऑर्डरला किंमतहमी असते: ऑर्डर दिल्यापासून गेम बाजारात येईपर्यंतचा सगळ्यात कमी भाव लागतो. त्यामुळे गेम घ्यायचाच असेल तर लवकर नाव लावण्यात तोटा नाही.

दुसऱ्या देशातली डिस्क माझ्या कन्सोलवर चालेल का?

पीएस४, पीएस५, स्विच, एक्सबॉक्स वन आणि सिरीज या सगळ्यांवर युरोपभरची डिस्क किंवा कार्ट्रिज चालतं. घोटाळा होतो तो डिस्कबाहेरच्या गोष्टींत. बॉक्समधला बोनस कोड, सीझन पास, नंतर घेतलेली डीएलसी (गेमला जोडायचे जादा भाग) हे सगळं खात्याच्या देशाशी आणि डिस्कच्या प्रदेशाशी जुळावं लागतं. अमेरिकेतून आणलेल्या पीएस५ डिस्कवर युरोपच्या स्टोअरमधली डीएलसी सहसा चालत नाही. भारतातलं जुनं प्लेस्टेशन खातं इथेही वापरत असाल, तर कोड असलेली महागडी आवृत्ती घेऊ नका; नुसती डिस्क घ्या.

कव्हर जर्मन आहे. गेमही जर्मनमध्येच असेल?

बहुतेक नव्या गेममध्ये इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, जर्मन, स्पॅनिश एकत्र असतात आणि कन्सोलच्या भाषेप्रमाणे निवड होते. तरी दुकानाच्या पानावर आवाजाची आणि सबटायटलची भाषा तपासा, विशेषतः लहान मुलांच्या गेमची आणि स्विचपूर्वीच्या निन्टेंडो कार्ट्रिजची.

जर्मन बॉक्सवर पेगी या युरोपीय वयोमर्यादेच्या शिक्क्याऐवजी यूएसके या जर्मन वयोमर्यादेचा मोठा रंगीत शिक्का असतो: सहा वर्षांचा पिवळा, बाराचा हिरवा, सोळाचा निळा, अठराचा लाल. संग्रह करणाऱ्यांना तो खुपतो. पुष्कळदा कव्हर उलटं केलं की आत शिक्क्याविना चित्र निघतं. लाल शिक्क्याच्या गेमला जर्मनीत वय तपासून पार्सल देतात. त्याचा जादा आकार पडतो आणि शेजाऱ्याकडे पार्सल ठेवता येत नाही. पडत्या भावात हा आकार धरायला विसरू नका.

बॉक्स घेतला, आत डिस्कच नाही!

तीन वेगळे प्रकार आहेत. पहिला, बॉक्समध्ये फक्त डाउनलोड कोड. पानावर आणि बॉक्सच्या पुढच्या बाजूला तसं लिहिलेलं असतं. हा कोड एकदा वापरला की विकता येत नाही, म्हणून तो डिस्कपेक्षा बराच स्वस्त असेल तरच घ्यावा. दुसरा, ५ जून २०२५ ला आलेल्या स्विच २ची गेम-की कार्डं. कार्ड खरं असतं, पण त्यात गेम नसतो. तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि खेळताना कार्ड आत लागतं. बॉक्सच्या खालच्या पट्टीवर किल्लीचं चिन्ह बघा. हे कार्ड पुढे विकता येतं. तिसरा प्रकार आपल्याच चुकीचा: पीएस५ची डिजिटल, म्हणजे डिस्कची खाच नसलेली आवृत्ती घरी आहे आणि मोहाने डिस्क मागवली.

ब्रिटनमधली दुकानं अजून परवडतात का?

युरोपीय संघात राहत असाल तर क्वचितच. १ जानेवारी २०२१ पासून तिथलं पार्सल आयात माल ठरतं. ३९.९९ पौंडांत ब्रिटनचा २० टक्के व्हॅट धरलेला असतो. दुकानाने तो काढला तर ३३.३३ उरतात, मग तुमच्या देशाचा व्हॅट पार्सलखर्चासकट चढतो. दुकान हा व्हॅट चेकआउटलाच घेत असेल तर ठीक. नाहीतर कूरियरवाला दारात कर मागतो आणि वर स्वतःची हाताळणी फीसुद्धा, आणि सवलत तिथेच संपते. दुकानाने ब्रिटिश व्हॅट न काढता पाठवलं तर दोनदा कर भरल्यासारखं होतं. उलट ब्रिटनमध्येच राहणाऱ्यांनी बाहेर बघायची फार गरज नाही. तिथल्या दुकानांतली चढाओढ अजूनही चांगली आहे.

गिफ्ट कार्डं आणि पीसीचे कोड कुठूनही घेतले तर चालतात?

प्लेस्टेशनचं जर्मन कार्ड जर्मन खात्यालाच लागतं, फ्रेंच कार्ड फ्रेंचला, चलन तेच असलं तरी. आधी खात्याचा देश तपासा, मग कार्ड घ्या.

पीसीची गोष्ट निराळी. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात युरोचा भाव सगळ्या युरो देशांत एकच असतो. पोलंडला झ्वॉटीत, ब्रिटनला पौंडात वेगळा. पूर्व युरोपातले स्वस्त कोड पश्चिमेत चालू नयेत म्हणून घातलेल्या अडसराबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरो दंड केला. व्हॉल्व्ह न्यायालयात गेली, पण २०२३ मध्ये आयोगाचाच निर्णय कायम राहिला. म्हणजे संघातल्या दुकानातला अधिकृत कोड संघात कुठेही चालायला हवा. संघाबाहेरच्या कोडाला हे लागू नाही. तुर्कस्तान किंवा अर्जेंटिना असं लिहिलेलं दिसलं की सोडून द्या.

कोड विकणाऱ्या बाजारपेठांवर निम्म्या किंमतीत गेम दिसतात. घ्यावेत का?

आमचं मत: नको. तिथे विकणारी साइट नसते, कोणीतरी अनोळखी विक्रेता असतो. चोरीच्या कार्डावर घेतलेले कोड तिथे येतात. मूळ कार्डधारकाने पैसे परत मागितले की प्रकाशक कोड रद्द करतो आणि गेम तुमच्या लायब्ररीतून जातो. चेकआउटला ‘संरक्षण’ वगैरे नावाने जादा पैसे आपोआप टिकमार्क केलेले असतात, ते वेगळंच. जीजी डॉट डील्सवर अधिकृत दुकानं आणि कोडविक्रेते वेगळ्या रकान्यांत दाखवतात. अधिकृत रकान्यातला नीचांक गाठायची वाट बघितली तर बहुधा दोन-चार युरोंचाच फरक उरतो.

घ्यायची वेळ कोणती?

नोव्हेंबरअखेरचा ब्लॅक फ्रायडे सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत असलेल्या वेळा जास्त कामाच्या. फ्रान्समध्ये तोट्यात विकायला एरवी बंदी आहे. ‘सोल्द’ या सेलच्या सरकारमान्य चार आठवड्यांत मात्र मुभा असते. हिवाळ्यात जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी आणि उन्हाळ्यात जूनच्या शेवटच्या बुधवारी ते साधारणपणे सुरू होतात. शिल्लक माल खरा साफ होतो तो शेवटच्या आठवड्यात, पण तेव्हा निवड उरत नाही. स्पेनमध्ये मुलांना भेटी ६ जानेवारीला देतात, म्हणून तिथले भाव नाताळानंतरही चढे राहतात आणि सातव्या तारखेपासून उतरतात. नेदरलँड्समध्ये भेटींचा दिवस ५ डिसेंबर.

गेमचा प्रकारही बघा. दरवर्षी नवी आवृत्ती येणारे क्रीडा-गेम काही आठवड्यांत घसरतात. निन्टेंडोचे स्वतःचे गेम पाच वर्षांनीही फारसे उतरत नाहीत. तिथे पाच-दहा युरो कमी दिसले की घेऊन टाका. आणि छोट्या प्रकाशकांचे मोजक्या प्रतींचे गेम थांबल्याने महागच होतात.

‘पूर्वी ७९.९९, आता ४९.९९’ हे खरं मानायचं का?

२८ मे २०२२ पासून संघात लागू झालेल्या नियमानुसार सूट जाहीर करताना मागच्या ३० दिवसांतला सगळ्यात कमी भाव दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: टक्केवारीसुद्धा त्याच नीचांकावरून काढायची. पोलिश साइटवर हा आकडा किंमतीखाली बारीक अक्षरांत दिसतो. दोन पळवाटा ध्यानात ठेवा. ‘शिफारस किंमतीपेक्षा कमी’ असं लिहिलं की ती नुसती तुलना ठरते. आणि हा नियम हातात धरता येणाऱ्या वस्तूंना आहे. स्टीम, प्लेस्टेशन स्टोअर यांच्या डाउनलोडला नाही.

माझं कार्ड किंवा पत्ता दुकान घेत नाही.

डिसेंबर २०१८ पासून दुकान स्वतः ज्या प्रकारचं कार्ड घेतं, तेच कार्ड संघातल्या दुसऱ्या देशाचं आहे म्हणून नाकारू शकत नाही. पण तुमच्या देशात पार्सल पाठवायची सक्ती त्याच्यावर नाही. तुम्ही त्या देशातला पत्ता द्यायचा, मित्राचा किंवा पार्सल-लॉकरचा. जर्मनीतल्या ‘पाकश्टाट्सिओन’ या लॉकरला आधी नोंदणी करून ग्राहक क्रमांक घ्यावा लागतो. तो पत्त्यात लिहिला नाही तर पार्सल परत जातं.

झ्वॉटी किंवा क्रोनरमध्ये पैसे देताना ‘युरोत भरा’ असा पर्याय आला तर नाही म्हणा. तो दर दुकानाच्या बाजूचा असतो आणि जवळपास नेहमी महाग पडतो.

गेम आवडला नाही तर परत?

पार्सल मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करता येतं, पण सीलबंद गेमचं प्लास्टिक फाडलं की हा हक्क गेला. म्हणून बॉक्स आल्यावर आधी प्लास्टिकवरूनच आवृत्ती, कन्सोल, भाषा तपासा. गेम भेट द्यायचा असेल तर फोडूच नका. दुकानाने मूळ पार्सलखर्चासह, साध्या पाठवणीच्या दराने, पैसे परत करायचे असतात. परत पाठवायचा खर्च तुमचा, दुकानाने वेगळं म्हटलं नसेल तर. परदेशातून मागवताना हा खर्च आधीच बघा, ४० युरोच्या गेमला १५ युरो सहज लागतात.

डिस्क वाचलीच जात नसेल तर ती वेगळी बाब. खराब मालाची किमान दोन वर्षांची जबाबदारी विकणाऱ्याची, सील फोडलेलं असलं तरी. ‘उत्पादकाशी बोला’ म्हणून तो हात झटकू शकत नाही. डाउनलोडमध्ये, सुरू करताना संमतीची टिक केलीत की १४ दिवसांचा हक्क संपतो. मात्र स्टीम स्वतःहून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत देतं. जीओजी हे पीसी गेमचं दुसरं दुकान ३० दिवस देतं.

स्टीलबुक पातळ लिफाफ्यात आलं तर उघडण्याआधीच चारही कोपऱ्यांचे आणि पत्त्याच्या चिकटपट्टीचे फोटो काढा.

दुकान खोटं आहे हे आधी कसं कळेल?

संपलेला कन्सोल फक्त त्याच दुकानात उपलब्ध, भाव सगळ्यांपेक्षा तीस टक्के खाली, आणि शेवटच्या पायरीला कार्ड-पेपाल गायब होऊन उरते फक्त फोरकासे: एवढं एकत्र दिसलं की टॅब बंद करा. जर्मन दुकानाला ‘इम्प्रेसुम’ हे मालकाच्या नाव-पत्त्याचं पान ठेवावंच लागतं. तिथला पत्ता नकाशावर टाकून बघा. विश्वासाच्या शिक्क्यावर क्लिक करा, खरा असेल तर शिक्का देणाऱ्या संस्थेच्या साइटवर त्या दुकानाचं पान उघडतं, खोटा नुसतं चित्र असतो. जर्मन ग्राहक केंद्रांचा ‘फेकशॉप-फाइंडर’ पत्ता टाकला की निकाल सांगतो.

पैसे गेलेच तर कार्ड असेल तिथे बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. दुकान खरं आहे पण दाद देत नाही, आणि ते संघातल्या दुसऱ्या देशात, नॉर्वेत किंवा आइसलँडमध्ये आहे, तर आपल्या देशातल्या युरोपीय ग्राहक केंद्राकडे जा. मदत फुकट असते. जुन्या लेखांत सांगितलेला संघाचा ऑनलाइन तक्रार-मंच २० जुलै २०२५ ला बंद झाला, तो शोधत बसू नका.